फौजी इंग्रजीचा क्लास: तीन महिने, साडेसात हजार रुपये

तोफखान्यात सव्वीस वर्षं काढून नायब सुभेदार म्हणून घरी आलो. सिन्नर एमआयडीसीत सिक्युरिटी ऑफिसरच्या जागेसाठी मुलाखतीला गेलो, तर समोरचा पोरगा म्हणाला, "टेल मी अबाउट युवरसेल्फ." मी सावधान झालो आणि आर्मी नंबर, रँक, नाव, युनिट असा रिपोर्ट दिला. तो पुढच्या वाक्याची वाट बघत राहिला. माझं संपलं होतं.

नाशिकरोडला बिटको चौकाजवळ ‘खास जवान व माजी सैनिकांसाठी इंग्रजी’ अशी पाटी दिसली आणि त्याच आठवड्यात नाव घातलं. क्लासचं नाव लिहीत नाही. खाली तक्रारी आहेत, आणि मॅडम मनाने चांगल्या आहेत.

आम्ही बावीस जण. चार-पाच माझ्यासारखे पेन्शनर. दोन अग्निवीर, चार वर्षं झाल्यावर दर चार अग्निवीरांतल्या तिघांना बाहेर पडावं लागतं म्हणून आत्तापासून तयारीला लागलेले. एक तंत्रज्ञ, त्याला फक्त मशीनचं मॅन्युअल नीट वाचता यायला हवं होतं. आणि एक नाईक, ज्याचं नाव यूएन मिशनसाठी गेलं होतं. प्रत्येकाचं दुखणं वेगळं, गोळी मात्र सगळ्यांना एकच. पहिला महिनाभर ‘राम आंबा खातो’चे बारा काळ. नोट्समध्ये हिथ्रो विमानतळावर चेक-इन करतानाचा संवाद. बावीस जणांत हिथ्रोला जाणारा कोणी नव्हता.

नाव घालताना एक साधा प्रश्न विचारला असता तरी काम झालं असतं: तुम्हाला इंग्रजी कुठे लागतं? ऐकायला, बोलायला, वाचायला की लिहायला? नाटोच्या फौजांमध्ये स्टॅनॅग ६००१ नावाचं मोजमाप आहे. त्यात या चार गोष्टींना शून्य ते पाच अशा वेगवेगळ्या पातळ्या देतात. म्हणजे एखाद्याचं वाचन तीनवर आणि लिहिणं एकवर असू शकतं, त्यात लाज नाही. आपण नाटोत नाही, पण पद्धत उचलायला कोणाची परवानगी लागत नाही. आमच्या तंत्रज्ञाला वाचन दिलं असतं आणि बोलण्याच्या तासाला घरी सोडलं असतं, तर तो दुसऱ्या महिन्यात गळाला नसता.

फौजी माणसाला इंग्रजी येत नाही, हेही अर्धंच खरं. तोंडात भरपूर असतं, फक्त घासून गुळगुळीत झालेलं. ‘फॉल इन’चं फालिन, रात्रीच्या संत्रीच्या ‘हू कम्स देअर’चं हुकुमदार. आपल्या देवळालीने तर इंग्रजांना शब्द दिलाय. मायदेशी नेणाऱ्या जहाजाची वाट बघत गोरे शिपाई देवळालीच्या कॅम्पात महिनोन्‌महिने पडून असायचे, डोकं फिरायचं. त्यावरून वेडसर माणसाला ते ‘डूलॅली टॅप’ म्हणू लागले. टॅप म्हणजे आपला ताप. डूलॅली आजही त्यांच्या शब्दकोशात आहे. मॅडम लॅम रोडला राहतात, त्यांनाही हे ठाऊक नव्हतं. मला कोर्सच्या वेळी एका उस्तादांनी सांगितलं होतं.

तर, ‘रिपीट’चा किस्सा. नीट ऐकू आलं नाही तर काय म्हणायचं, म्हणून मॅडमनी फळ्यावर लिहिलं: ‘प्लीज रिपीट’. मागच्या बाकावर आम्ही तिघे तोफखान्याचे, हसूच आवरेना. मॅडम चिडल्या. मग उभं राहून सांगितलं. वायरलेसवर ओपीवाल्याने (पुढे बसून मारा कुठे पडतोय ते बघणाऱ्याने) ‘रिपीट’ म्हटलं की तोफांवर त्याचा अर्थ एकच, आत्ता मारलेला मारा तिथेच परत मारा. तोवर आपली माणसं तिथे पुढे सरकलेली असली तर? ऐकू आलं नाही तर ‘से अगेन’ म्हणायचं, दुसरं काही नाही. मॅडमनी फळा पुसला. मग मला विचारलं, "सुभेदार साहेब, असं अजून काय काय आहे?"

क्लासची खरी सुरुवात त्या दिवशी झाली असं मी धरतो. पुढच्या तासाला वायरलेसवर ए-बी-सी सांगायचं अल्फा-ब्राव्हो-चार्ली आलं, नाईनला ‘नायनर’ का म्हणतात ते आलं (खरखरीत सेटवर नाईन आणि फाईव्ह सारखेच ऐकू येतात). बाईंनी ऐकून घेतलं, वहीत उतरवून घेतलं. पन्नाशीकडे झुकलेल्या माणसाकडून शिकायला शिक्षकाला कमीपणा वाटला नाही, याचा माझ्याकडून एक तारा जास्त.

पण एक गोष्ट त्यांच्या लक्षात यायला फार वेळ लागला. तिसऱ्या आठवड्यात गृहपाठ होता, ‘माझं कामाचं ठिकाण’ यावर दहा वाक्यं, आवाज रेकॉर्ड करून व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायची. एकानेही टाकला नाही. मॅडमना वाटलं, पोरं आळशी. अहो, युनिट कुठे, माणसं किती, गाड्या किती, हे नोकरीतला जवान ग्रुपवर कसं बोलेल? सगळे खाली मान घालून बसले आणि कोणी कारणही सांगेना. शेवटी मीच म्हटलं, विषय बदला, ‘माझ्या गावची जत्रा’ द्या. रात्री अकरापर्यंत मेसेज येत होते.

वेळेचा घोळ तर शेवटपर्यंत सुटला नाही. बॅच संध्याकाळी सात ते साडेआठ. नोकरीतल्या पोरांना रोल कॉल असतो, आउटपास लागतो, आठवडाभर गार्ड ड्यूटी लागली की गायब. परत येतात तेव्हा धडा चार पायऱ्या पुढे गेलेला. जवानांसाठी शिकवायचं तर प्रत्येक तास आपल्या पायावर उभा हवा. आज आला त्याला आजचं मिळालं पाहिजे, कालचं चुकलं तरी. हे मी लेखी दिलंय, बघू.

आणि रँक. पहिल्या महिन्यात इंग्रजी बोलायला मी तोंडच उघडलं नाही. समोर वीस वर्षांचा अग्निवीर, मी चुकलो तर तो हसेल ही धास्ती. तोही बोलेना, कारण साहेब गप्प आहेत. मॅडमनी नंतर जोड्या बदलल्या, पेन्शनर पेन्शनरांबरोबर, आणि खोलीत आवाज सुरू झाला.

यूएनवाल्या नाईकाचा मात्र फायदा झाला. तिकडे गावकऱ्यांशी दुभाष्यामार्फत बोलावं लागतं, आणि दुभाषा त्यांच्या बोलीतून इंग्रजीत आणतो, हिंदीत नाही. म्हणजे दुभाषा असूनही इंग्रजी लागतंच. रोजचा सिटरेप, म्हणजे परिस्थितीचा रिपोर्ट, तोही इंग्रजीत. त्याच्यासाठी मॅडमनी शेवटचे पंधरा दिवस वेगळे काढले: आम्ही गावकरी व्हायचं, तो चेकपोस्टवर. मी बैल हरवलेला म्हातारा झालो होतो. इतका भांडलो की त्याला घाम फुटला.

माझं म्हणाल तर मेल लिहिता येतो आता, तीन ओळींचा, चुका धरून. ‘टेल मी अबाउट युवरसेल्फ’ला सहा वाक्यं होतात, त्यात आर्मी नंबर नाही. सिन्नरची जागा केव्हाच भरली. अंबडच्या एका कंपनीत येत्या सोमवारी बोलावलंय.

पाचपैकी साडेतीन. नाव घालायचंच असेल तर आधी एक तास फुकट बसून बघा, मॅडम नाही म्हणत नाहीत. खाली पार्किंग नाही, गाडी दत्त मंदिराच्या बाजूला लावून चालत या. नोट्सचे चारशे रुपये वेगळे मागतील, ते देऊ नका. हिथ्रो त्यातच आहे.