उत्तनच्या बोटीवर काय बसवावं: उपग्रहाचा ट्रान्सपॉन्डर की एआयएस?

उपग्रहाचा ट्रान्सपॉन्डर सरकार फुकट देतंय, मग एआयएससाठी, म्हणजे आसपासच्या जहाजांना रेडिओवरून आपली ओळख आणि जागा कळवणाऱ्या संचासाठी, खिशात हात का घालायचा, असं उत्तन-पालीच्या नाखव्याला वाटणं साहजिक आहे. पण या दोन पेट्या दोन वेगळ्या माणसांशी बोलतात.

मासेमारी बोटींवर १ लाख ट्रान्सपॉन्डर बसवण्याच्या योजनेची सुरुवात ३० ऑगस्ट २०२४ ला पालघरला झाली. इस्रोच्या तंत्रज्ञानावरचा हा संच बोटीची जागा उपग्रहामार्फत किनाऱ्यावरच्या केंद्राला कळवतो. मोबाइलची रेंज गेली तरी ब्लूटूथने जोडलेल्या फोनवर वादळाचा इशारा येतो, आणि इंजिन बंद पडलं, खलाशी आजारी पडला तर मदत मागता येते. लांबच्या फेरीला जाणाऱ्याने हा संच घ्यावाच.

मात्र न्हावा शेवा बंदराकडे निघालेल्या कंटेनर जहाजाला तुमची बोट यातून दिसत नाही. तिथे एआयएसच लागतं. त्याच्या व्हीएचएफ रेडिओ चॅनलवर प्रत्येक मिनिटाचे २,२५० तुकडे पाडलेले असतात. छोट्या बोटींचा साधा क्लास बी संच आधी कानोसा घेतो आणि मोकळ्या तुकड्यात बोटीची ओळख, जागा, वेग, दिशा सांगतो. मध्ये ना उपग्रह, ना केंद्र. चालत्या बोटीतून हे दर ३० सेकंदांनी होतं, पण वेग २ नॉटच्या (तासाला २ सागरी मैलांच्या) खाली गेला की ३ मिनिटांतून एकदाच. डोल जाळं लावून बोट उभी असते तेव्हा नेमकं हेच घडतं, आणि तेवढ्यात १५ नॉटने येणारं जहाज जवळपास १,४०० मीटर पुढे आलेलं असतं. एआयएस आहे म्हणून दिवे मालवून, पहारा न ठेवता झोपणं जिवावर बेतेल.

उलट बाजूचा फायदा मला जास्त मोलाचा वाटतो. मोठ्या जहाजांवर क्लास ए संच असतो, आणि जहाज चालू असताना तो दर २ ते १० सेकंदांनी बोलतो. ते कुठून येतंय हे बोट चालवणाऱ्या तांडेलाला दिसतं, नाव कळतं, आणि व्हीएचएफ रेडिओच्या चॅनल १६ वर नाव घेऊन हाक मारता येते. म्हणून पडद्याशिवायचा संच घेऊ नका.

२० मीटरहून लांब बोटीला एआयएस सक्तीचंच आहे. त्याहून लहान बोट जहाजांच्या वाटेवर जात असेल, तर फुकटचा संच घ्याच आणि पैसे एआयएसमध्ये घाला. दिवाळे-सारसोळ्याच्या खाडीत होडी नेणाऱ्यांनी आधी लाइफ जॅकेट घ्यावीत.

एआयएसची अँटेना जमेल तितकी उंच लावा, पल्ला त्यावरच ठरतो. जुनी बोट घेतली असेल तर संचातला ४१९ ने सुरू होणारा ९ अंकी ओळख क्रमांक आधीच्या मालकाच्या नावावर राहिलेला नाही ना, हे समुद्रात जाण्याआधी तपासून घ्या.