ऑरोव्हिलच्या शेतावर काही महिने राहिल्यावर: स्वावलंबी वस्ती जमते का?

आधी निकाल सांगते, मग सविस्तर. समविचारी माणसं एकत्र आली तर उजाड माळ हिरवा करू शकतात, हे तिथे राहून पटलं. तीच माणसं बाहेरून काहीही न आणता वर्षभर पोटभर जेवू शकतील, हे मात्र पटलं नाही. 'जग कोसळलं तरी आपली वस्ती तगेल' असा बेत ज्यांच्या डोक्यात शिजतोय, त्यांच्यासाठी हे लिहितेय.

ऑरोव्हिल म्हणजे देशोदेशीच्या माणसांनी एकत्र राहण्यासाठी पुदुच्चेरीजवळ वसवलेली वस्ती; ती 28 फेब्रुवारी 1968 रोजी सुरू झाली. आराखडा 50,000 लोकवस्तीचा होता; आज तिथे साधारण 3,300 माणसं राहतात. घर किंवा जमीन कुणाच्याही नावावर नसते. पहिल्या मंडळींच्या वाट्याला तांबड्या मातीचं बोडकं पठार आलं. पाऊस पडला की माती घळींतून थेट समुद्राकडे. त्यांनी बांध घातले, पाणी अडवलं, सावलीसाठी ऑस्ट्रेलियन बाभूळ लावली आणि तिच्या आडोशाने मूळची देशी झाडं वाढवली. आज तिथे भर दुपारी गार वाटेल असं रान आहे. मीही कुदळ-फावडं घेऊन चर खणले. ऑक्टोबरात ईशान्य मोसमी पाऊस सुरू झाला आणि त्या चरांत पाणी साचून मुरताना पाहिलं. या एका कामासाठी ऑरोव्हिलला माझे पैकीच्या पैकी गुण.

अन्नाचं गणित वेगळं. एका माणसाला दिवसाला 400 ग्रॅम धान्य धरलं तर वर्षाला दीडशे किलोच्या आसपास होतं. 3,300 माणसांचे झाले जवळपास 480 टन, आणि डाळ, तेल, दूध अजून धरलेलंच नाही. तिथे शेतं बरीच आहेत, भात आणि दूधही होतं, तरी ताटातलं बहुतेक अन्न बाहेरूनच येतं. भाजी, पपई, केळी, शेवगा यांत हात सैल असतो. खरी अडचण धान्याची.

कोद्र्याचंच बघा. तिकडे त्याला वरगु म्हणतात. कमी पाण्यावर, हलक्या जमिनीत बिनतक्रार येतो, म्हणून कागदावर हे पीक अगदी आदर्श. पण दाण्यावर टरफलाचे थर घट्ट बसलेले असतात. आम्ही मळला, वाळवला, जात्यावर भरडला, पाखडला, की निम्मे दाणे अजून टरफलातच. परत भरडा, परत पाखडा. शेजारच्या गावातून कामाला येणाऱ्या एक अक्का सूप असं फिरवायच्या की कोंडा एका झटक्यात बाहेर. आम्ही सगळे शिकले-सवरलेले मिळून सकाळभरात जेवढं निवडायचो, तेवढं त्या चहाच्या आधी उरकायच्या. शेवटी पोती गिरणीतच गेली. गिरणी म्हणजे वीज, मशीन, त्याचे सुटे भाग. आपल्याकडची जुनी खेडी स्वयंपूर्ण होती असं आपण म्हणतो, पण त्यांनाही मीठ विकत घ्यावं लागायचं आणि लोहाराचं लोखंडही बाहेरूनच यायचं.

त्या अक्का हाच माझ्या मते मुख्य मुद्दा आहे. आजूबाजूच्या तमिळ गावांतली माणसं बांधकामावर, स्वयंपाकघरात, शेतात नसती तर वस्तीचा गाडा चालला नसता. मग स्वावलंबन नेमकं कुणाचं? हा प्रश्न तिथले जुने लोकही मोकळेपणाने विचारतात, हे मला फार आवडलं.

ऊर्जेचंही तसंच. सोलर किचनच्या, म्हणजे तिथल्या सामूहिक स्वयंपाकघराच्या छतावर ऊन एकवटणारी 15 मीटर व्यासाची मोठी वाडगी आहे, तिच्यावर वाफ तयार करून शेकडो माणसांचं जेवण शिजवण्याची सोय केली. पाहण्यासारखीच गोष्ट आहे. पण ढगाळ दिवसांसाठी जोडीला डिझेलचा बॉयलर ठेवावा लागला. यात कमीपणा नाही. ज्याने व्यवस्था उभारली त्याला पावसाळा ठाऊक होता. डिसेंबर 2011 मध्ये 'ठाणे' चक्रीवादळाने तिथली असंख्य झाडं आडवी केली. अशा वेळी बाहेरची मदत, रस्ते, वीजवाले लागतातच.

रोजच्या राहण्याबद्दल थोडक्यात. पाण्याऐवजी भुसा टाकायच्या कोरड्या संडासाची आठवड्याभरात सवय होते. भांडी घासण्याच्या पाळीवरून जेवढे रुसवे-फुगवे होतात, तेवढे तत्त्वज्ञानावरून होत नाहीत. डिसेंबर ते मार्च स्वयंसेवकांची झुंबड असते आणि एप्रिल-मेच्या उन्हात, जेव्हा पावसाआधीची खोदकामं उरकायची असतात, तेव्हा हात कमी पडतात. संकटात टिकायचं तर उन्हाळ्यात न पळणारी माणसं लागतात, आणि ती जमीन विकत घेऊन मिळत नाहीत.

जायचंच असेल तर जून ते ऑक्टोबर जा. भात, कोद्रा, चर, चिखल, डास सगळं बघायला मिळेल. आणि आपल्याकडे कुणी अशी वस्ती काढत असेल, तर पैसे भरण्याआधी तीन गोष्टी विचारा: तेलबिया किती एकरांवर, बोअर आटली तर पाणी कुठून, आणि शेजारच्या गावाशी तुमचं जमतं का. तिसऱ्या प्रश्नावर गडबडले, तर मी तरी पैसे भरणार नाही.