भडकल गेट ते पाणचक्की वॉक, संभाजीनगर: वेळ काढून कराच
शहर कुणी वसवलं म्हणलं की बरेच जण औरंगजेबाचंच नाव घेतेत, पण गाईडदादांनी भडकल गेटखाली उभं करून पहिलं नाव घेतलं मलिक अंबरचं, हबशी गुलाम म्हणून आलेला माणूस, निजामशाहीचा कारभार हातात घेतला अन् १६१० मधे खडकी गावाजागी शहर वसवलं. नहरीचं तर लई भारी समजावलं, जमिनीखालच्या खापरी नळातून पाणी नुसत्या उतारानं शहरात यायचं, दाब सांभाळायला मधेमधे मनोरे. पाणचक्कीला भिंतीवरून हौदात पाणी पडतंय ते बघतच रहावं वाटतं. मिलिंद कॉलेज, बाबासाहेबांनी १९५० ला सुरू केलेलं, तिथं मात्र घाईच केली राव, अजून अर्धा तास पाहिजे होता. उन्हाळ्यात सकाळचीच बॅच घ्या.