सौदीहून आलेलं जुनं टर्नटेबल, अंबडची पितळी पुली आणि आठ महिन्यांचा अनुभव

गेल्या दिवाळीनंतर नाशिकरोडला ओळखीच्या एका घरातलं जुनं सामान निघत होतं, त्यात हे टर्नटेबल, म्हणजे रेकॉर्ड प्लेयर, मिळालं. घरातले काका सत्तरच्या दशकात सौदीला नोकरीला होते, तिथून त्यांनी आणलेलं. पुढची नावाची पट्टी कधीच गळून पडलेली, झाकणाला तडा, रबरी मॅट कडक झालेली. पण तबकडी हाताने फिरवून सोडली तर बराच वेळ आवाज न करता फिरत राहिली, आणि टोनआर्म, म्हणजे सुई धरणारा दांडा, दोन बोटांत धरून हळूच हलवला तर कुठे खेळ नव्हता. अंबडच्या एमआयडीसीत टूलरूममध्ये माझी तीस वर्षं गेली. बेअरिंग शाबूत असेल तर बाकीचं हाताने करता येतं, एवढ्या भरवशावर सहा हजार रुपये दिले.

घ्यायचं कारण म्हणजे आबांच्या रेकॉर्ड. दीडशेच्या आसपास एलपी (मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांच्या), काही छोट्या ४५ फेऱ्यांच्या आणि अकरा जुन्या ७८ च्या. आबा गेल्यापासून कपाटातच होत्या.

घरी आणून पहिली रेकॉर्ड लावली, ख्यालाची. आई शेजारच्या खोलीत होती. तिने तीस वर्षं शाळेत संगीत शिकवलंय. ती भिंतीला धरत धरत बाहेर आली आणि म्हणाली, "अरे, ही पट्टी नव्हे यांची." पेटी काढायला लावली. षड्ज काळी पाचच्याही (पेटीच्या पाचव्या काळ्या पट्टीच्याही) जरासा खाली लागत होता. "हे काळी एकला गातात. तुझे आबा रोज लावायचे, मला ठाऊक आहे."

वेग कमी होता हे उघड होतं. एका दुरुस्तीवाल्याकडे नेलं. बेल्ट सैल झालाय म्हणून त्याने सातशे रुपयांचा नवा बेल्ट घातला, वेग तसाच. मग म्हणाला मोटर गेली, आता हिचं काही होत नाही. उचलून परत आणलं.

घरी तबकडीच्या कडेला कागदाची चिठ्ठी चिकटवली आणि घड्याळ लावून फेरे मोजले. मिनिटाला ३३⅓ हवेत, भरले अठ्ठावीसला किंचित कमी. पुन्हा मोजले, तेवढेच. गेलेली मोटर इतकी नेमाने एकाच वेगाने फिरत नाही. मग यंत्र उलटं करून खालचं स्टिकर ओल्या फडक्याने पुसलं. २२० व्होल्ट, ६० हर्ट्झ. तिथेच उलगडा झाला. सौदीची वीज ६० हर्ट्झची, आपली ५० ची. सिंक्रोनस मोटर फ्रिक्वेन्सीशी बांधलेली असते, व्होल्टेज थोडं वरखाली झालं तरी तिचा वेग हलत नाही. ६० वर जेवढी फिरते त्याच्या पाच-षष्ठांश ती ५० वर फिरणार, म्हणजे ३३⅓ चे २७.८. आईच्या पेटीने तीन अर्धस्वरांहून जरासा जास्त फरक सांगितला होता, तो हिशेब तंतोतंत जुळला. परदेशातून आलेलं जुनं टर्नटेबल घेणाऱ्यांनी सर्वांत आधी हे स्टिकर वाचावं. व्होल्टेज सगळे बघतात, हर्ट्झ कोणी बघत नाही.

इलाज म्हणजे मोटरवरची पुली मोठी करणं. मूळ पुली व्हर्निअरने मोजली, १०.०० मिमी. एक पूर्णांक दोनने गुणून बारा. जुन्या सहकाऱ्याच्या वर्कशॉपमध्ये पितळी रॉड लेथवर लावून त्याने पुली काढून दिली, मध्यावर हलका फुगवटा ठेवून, म्हणजे बेल्ट मधोमध राहतो.

आता वेग नेमका तपासायचा होता. त्यासाठी १८० रेघांची चकती लागते. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे निऑनचा दिवा सेकंदाला १०० वेळा उघडझाप करतो, आणि ३३⅓ चा वेग बरोबर असला की त्या उजेडात चकतीवरच्या रेघा जागीच थांबलेल्या दिसतात. घरातल्या एलईडी दिव्यांत हे नीट दिसेलच असं नाही. मी स्विचबोर्डावर बसवतात तो लाल निऑन इंडिकेटर एका डबीत नीट बंदिस्त करून वापरला. खोलीत अंधार केला, त्या लालसर उजेडात चकती फिरवली, आणि रेघा थांबल्या नाहीत. अगदी सावकाश, सेकंदाला जेमतेम एक, मागे सरकत होत्या. म्हणजे वेग अजून एक टक्क्याच्या आसपास कमी.

पुली पुन्हा मोजली, बारा म्हणजे बाराच. दोन दिवस डोक्यात तेच. मग बेल्ट हातात घेतल्यावर चूक सापडली. बेल्टला जाडी असते, ०.६ मिमी. ओढ चालते ती पुलीच्या पृष्ठभागावरून नाही, बेल्टच्या जाडीच्या मध्यावरून. म्हणजे गुणायचे होते १०.६, दहा नव्हेत. १०.६ गुणिले १.२ म्हणजे १२.७२, त्यातून ०.६ वजा केले की १२.१२. मिलिमीटरचा आठवा भागही नाही, पण तेवढ्याने रेघा चालत होत्या. दुसरी पुली १२.१२ ची काढली, तिच्यावरची ४५ च्या वेगाची पायरीही त्याच हिशेबाने. डायल गेज लावून शाफ्टवरच रनआउट, म्हणजे फिरताना पुली किती डुलते ते, पाहिला, एक शतांश मिमीच्या आत. याचा आग्रह मुद्दाम धरला. माझ्या यंत्रात पुली सेकंदाला सव्वासहा फेरे घेते, ती जरा जरी वाकडी फिरली तर तानपुऱ्याच्या स्थिर स्वराला कंप सुटतो. तबला-झांजांत तो लपतो, तानपुऱ्यात लपत नाही. टर्नटेबलचा वेग तपासायला तानपुऱ्यासारखं दुसरं साधन नाही.

त्या रात्री रेघा थांबल्या. आईने पेटीवर काळी एक दाबून धरली आणि रेकॉर्ड लावायला सांगितली. तानपुरा सुरू झाला तसा पेटीचा स्वर त्यात मिसळून गेला, वेगळा ऐकूच येईना. "लागला," एवढंच म्हणाली आणि भाता सोडला.

६० हर्ट्झची मोटर ५० वर चालवली की जरा जास्त तापते. दोन तास सलग चालवून हात लावून पाहिलं, कोमट असते. आठ महिने तशीच आहे.

दोन्ही पुल्यांचे मिळून आठशे रुपये झाले. त्यानंतरची सगळ्यात कामाची खरेदी कार्ट्रिजची, म्हणजे टोनआर्मच्या टोकाला सुई बसवलेल्या भागाची. सोबत आलेल्या कार्ट्रिजची सुई भिंगाखाली एका बाजूने सपाट झालेली दिसत होती. अशी सुई लावणं म्हणजे रेकॉर्डवर कानस फिरवणं. ऑडिओ-टेक्निकाचं एटी-व्हीएम९५ई घेतलं, ५,६०० ला. याची सुई लंबगोल घडणीची आहे आणि झिजली की नुसती सुई बदलता येते. याच्या सुईवर १.८ ते २.२ ग्रॅम वजन चालतं, मी दोनवर ठेवलंय. त्यासाठी सोनाराकडे असतो तसला खिशातला ०.०१ ग्रॅमचा काटा चारशेला मिळाला. पण थेट काट्यावर सुई टेकवू नका. कार्ट्रिजमध्ये चुंबक असतं, काट्याचं ताट लोखंडी असलं तर ते ओढलं जातं आणि वजन खोटं येतं. मी ॲक्रिलिकचा छोटा पूल करून, रेकॉर्डच्याच उंचीवर वजन करतो.

कार्ट्रिजचा कोन जुळवायचा कागद प्रिंट करून घेतला. सुई मध्यापासून ६६ आणि १२०.९ मिमीवर असताना कार्ट्रिज रेघांना समांतर दिसायला हवं. पहिला कागद दुकानात प्रिंटरने आपोआप लहान करून छापला होता, पट्टी लावली तर १०० मिमीचे ९६ भरले. तसाच वापरला असता तर सगळं चुकलं असतं. छापताना शंभर टक्के मापात छापायला सांगा आणि तरीही पट्टी लावून बघा.

याचा फरक ऐकू येतो तो 'स' आणि 'श' मध्ये. माणिक वर्मांची भावगीतं लावा. बाजूच्या शेवटच्या गाण्यात, म्हणजे मध्याजवळच्या खोबणीत, आधी प्रत्येक 'स' फाटून थुंकल्यासारखा यायचा. आता नव्वद टक्के रेकॉर्डवर तो साफ येतो, जिभेच्या टोकाचा स्पर्शसुद्धा जाणवतो.

उरलेल्या दहा टक्क्यांचं कारण मला उशिरा कळलं. आबांच्या जुन्या प्लेयरची सुई उडायची म्हणून ते तिच्या डोक्यावर दहा पैशाचं कंगोरेदार ॲल्युमिनियमचं नाणं ठेवायचे. तेव्हा कितीतरी घरांत ठेवायचे. ते नाणं अजून त्या रेकॉर्डच्या खोक्यात होतं, काट्यावर ठेवलं तर सव्वादोन ग्रॅमच्या वर भरलं. सुईवरचा भार केवढा वाढत असेल बघा. ज्या गाण्यांवर आबांचा सर्वांत जास्त जीव होता, नेमक्या त्याच गाण्यांच्या खोबणी झिजल्या आहेत. ते कुठल्याही सुईने भरून येत नाही. मी ती गाणी तशीच ऐकतो.

काही खरखर मात्र मुळातलीच असते. ख्यालगायक द. वि. पलुस्कर आपल्या नाशिकचे, १९५५ साली अवघ्या चौतिसाव्या वर्षी गेले. त्यांचं बरंचसं गाणं आधी तीन-तीन मिनिटांच्या ७८ च्या तबकड्यांवर आलं आणि मग एलपीवर. ती तडतड त्या जुन्या तबकड्यांचीच आहे, त्यासाठी यंत्राला दोष देऊ नका.

रेकॉर्ड धुवायला आमचं बोअरचं पाणी वापरलं आणि वाळल्यावर पांढरे डाग पडले. आता बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड पाणी, त्यात थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि भांड्यांच्या साबणाचा एक थेंब. मखमली कापडाने खोबणीच्या दिशेने पुसायचं, मग नुसत्या त्याच पाण्याने धुवायचं आणि पंख्याखाली उभं करून वाळवायचं, उन्हात नाही. ७८ च्या तबकड्यांना अल्कोहोल अजिबात लावू नका. त्या लाखेच्या असतात, लाख अल्कोहोलमध्ये विरघळते. शिवाय त्यांची खोबण रुंद, त्यांना ही सुई चालतही नाही. माझ्या अकरा अजून तशाच आहेत. धुतलेल्या रेकॉर्ड जुन्या कागदी पाकिटात परत घालू नका, पावसाळ्यात त्याच कागदातून बुरशी येते. नव्या पाकिटांसकट यावर बाराशे गेले, आणि माझ्या मते पुली आणि कार्ट्रिजनंतर सर्वांत सार्थकी लागलेला खर्च हाच.

प्रीॲम्प बेहरिंजरचा पीपी४००, २,९०० ला. कार्ट्रिजमधून जेमतेम चार मिलिव्होल्ट येतात आणि रेकॉर्ड कापतानाच खर्ज कमी, तीव्र जास्त करून कापलेली असते. ते उलटं करून वाढवणारा डबा लागतोच. पहिले चार दिवस स्पीकरमधून सतत 'हूं' येत होतं. टर्नटेबलची बारीक अर्थिंगची वायर लोंबत राहिली होती, ती प्रीॲम्पला जोडली आणि थांबलं. याहून महाग डब्याने फरक पडतही असेल, पण मला सध्या गरज वाटत नाही.

कडप्प्याबद्दल बरंच ऐकलं होतं म्हणून ओट्याचा उरलेला तुकडा आणून खाली घातला, रबरासकट साडेचारशे. आवाजात फरक पडला असं मला वाटत नाही. कोणी चाललं की सुई उडायची ती कडप्प्यानेही थांबली नाही, भिंतीत लोखंडी ब्रॅकेट ठोकून त्यावर तोच कडप्पा ठेवला तेव्हा थांबली. ब्रॅकेट घरात पडून होते. स्क्वॅशचे चेंडू पायाखाली ठेवायचा सल्ला मिळाला होता, त्यावर यंत्र डुलायला लागलं, काढून टाकले.

एक अडचण अजून आहे. वीज गेली आणि घर इन्व्हर्टरवर आलं की रेघा पुन्हा सरकायला लागतात. आमच्या इन्व्हर्टरची फ्रिक्वेन्सी नेमकी ५० नाही, आणि मोटरही गुरगुरते. त्यामुळे वीज गेली की मी रेकॉर्ड बंद करतो.

यंत्रावर केलेला खर्च १२,०५० आणि मूळचे सहा हजार, एकूण १८,०५०. कार्ट्रिजच्या आधी स्पीकर बदलायचा विचार होता, तो बारगळला ते बरं झालं.

या सुईचं आयुष्य कंपनी साधारण ३०० तास सांगते. म्हणून जानेवारीपासून खोक्याशेजारी एक वही ठेवलीय, ऐकलेल्या बाजू त्यात मांडतो. आईला आता दिसायला कमी झालंय, पण बाजू संपली की ती आठवण करते, "लिहिलंस का?" आज पलुस्करांच्या दोन बाजू झाल्या. वहीत २१४ तास भरलेत.