होम थिएटरवाल्याने केलेली फसवणूक: वाकड्या खोलीची सबब

सांगलीत गावभागात आमचं जुनं घर आहे. आजोबांच्या वेळी वाटण्या झाल्या तेव्हा मधली भिंत तिरकी घातली गेली. त्यामुळे आमच्या वाट्याला आलेली पुढची खोली व्याघ्रमुखी आहे. रस्त्याकडे साडेसोळा फूट, मागे जेमतेम अकरा.

बाबा ८१ वर्षांचे. १८४३ साली मराठी रंगभूमी जिथं सुरू झाली त्या गावचा माणूस, भावे नाट्यमंदिरातला प्रयोग चुकवायचा नाही हा त्यांचा नेम. गुडघ्यांनी तो मोडला. मग ठरवलं, याच खोलीत मोठा पडदा लावायचा, चांगला आवाज करून घ्यायचा आणि नाटकांची रेकॉर्डिंग त्यांना घरीच दाखवायची.

ओळखीतून एक जण आला. त्याने खोलीत दोन चकरा मारल्या आणि सांगितलं, "ताई, अशा खोलीला साधं ५.१ चालत नाही, ७.१ च लागेल." ५.१ म्हणजे पाच स्पीकर आणि जड आवाजाचा एक सबवूफर, ७.१ म्हणजे सात आणि एक. टेप काही खिशातून निघाली नाही. मला तेव्हाच खटकायला हवं होतं. सात स्पीकर, सबवूफर, अँप्लिफायर, 'फुल एचडी, ९००० लुमेन्स' (लुमेन्स म्हणजे उजेडाचं माप) असा प्रोजेक्टर, १०० इंची पडदा आणि 'रूम कॅलिब्रेशन'चे, म्हणजे खोलीप्रमाणे आवाज जुळवून द्यायचे, ८,००० वेगळे, असे मिळून १,४६,००० रुपये झाले. एक लाख आगाऊ यूपीआयने दिले, बाकीचे बसवल्याच्या दिवशी रोख. "पक्कं बिल केलं तर जीएसटी वर पडेल," म्हणाला, आणि साध्या लेटरपॅडवर मोघम पावती लिहून दिली. मी ती घेतली. पुढच्या सगळ्या त्रासाचं मूळ त्या पावतीत आहे.

पहिल्याच दिवसापासून संवाद कळेनात. संगीत घुमायचं आणि शब्द वरून, छतातून आल्यासारखे यायचे. चित्र उजवीकडे पुसट. मागचे स्पीकर ऐकूच यायचे नाहीत. फोन केला की एकच उत्तर, "खोलीच वाकडी आहे ताई, त्याला मी काय करणार?" खोली खरोखर वाकडी असल्यामुळे मला ते पटायचं. पाच महिने पटत राहिलं. बाबा तर मलाच समजावायचे, जाऊ दे, माझेच कान गेलेत. हे आठवलं की आजही जिवाला लागतं.

दिवाळीत भाचा आला. तो इलेक्ट्रॉनिक्स शिकतो. त्याने अँप्लिफायरमधला टेस्ट टोन लावला. त्यात एकेका स्पीकरमधून पाळीपाळीने 'श्श्श' असा आवाज येतो. पुढचे तीन वाजले, बाजूचे दोन वाजले आणि आवाज परत पहिल्यावर गेला. "आत्या, मागचे दोन यात नाहीतच." अँप्लिफायरच्या पाठीमागे वायरी लावायच्या जोड्याही पाचच होत्या. यंत्रच ५.१ चं, सातवा स्पीकर वाजणार कुठून? मागचा एक स्पीकर खाली काढला तर रिकाम्या डब्यासारखा हलका. जाळी काढली. आत नुसता कागदी कोन चिकटवलेला, मागे चुंबकच नाही. त्याची वायर केसिंगमधून व्यवस्थित फिरवत कपाटामागे आणलेली आणि तिथं टोकं काळ्या टेपमध्ये गुंडाळून सोडून दिलेली. भाच्याने तीच वायर ब्लेडने खरवडली. वरचा तांब्याचा मुलामा गेला आणि आत पांढरं अ‍ॅल्युमिनियम दिसलं. पैसे तांब्याच्या वायरीचे घेतले होते.

अँप्लिफायरच्या खोक्यात, थर्मोकोलच्या खाचेत, कॅलिब्रेशनचा छोटा माइक होता. सीलबंद पिशवीत, कंपनीने ठेवला होता तसाच. आठ हजार त्या कामाचे गेले होते.

प्रोजेक्टरच्या माहितीपुस्तकात बारीक अक्षरात नेटिव्ह, म्हणजे यंत्र खरोखर दाखवतं ते ठिपके, १२८० बाय ७२० लिहिलेले होते. फुल एचडी म्हणजे १९२० बाय १०८०. 'फुल एचडी'च्या पुढे 'सपोर्ट' असा शब्द असेल तर ते यंत्र तो सिग्नल घेतं एवढंच, दाखवतं आपल्या कुवतीनेच. लुमेन्सच्या आधी 'एएनएसआय' (म्हणजे ठरलेल्या पद्धतीने मोजलेले) हा शब्दही खोक्यावर नव्हता, आणि तसं प्रमाण पद्धतीने मोजलेलं नसेल तर ९००० ला काही अर्थ नाही. शिवाय त्याने प्रोजेक्टर तिरक्या भिंतीवर ठोकला होता आणि तिरकं पडलेलं चित्र कीस्टोन या सेटिंगने ओढून चौकोनी केलं होतं. त्यात प्रोजेक्टरच्या आतल्या, चित्र तयार करणाऱ्या पॅनेलचा काही भाग वायाच जातो, चित्राची धार मरते.

अशा खोलीत भिंती विसरायच्या असतात. पडद्याच्या मधोमधपासून बसायच्या जागेपर्यंत जमिनीवर खडूची रेघ मारायची आणि सगळी मांडणी त्या रेघेवरून करायची. बसायच्या जागेवरून मोजून पुढचे दोन स्पीकर रेघेच्या दोन्ही बाजूंना २२ ते ३० अंशांत, बाजूचे ९० ते ११० अंशांत, मधला पडद्याखाली, तोंड कानांकडे. आमचा मधला कपाटावर ठेवला होता, संवाद छतातून येत होते ते त्यामुळे. एक स्पीकर जवळ आणि एक लांब पडला तरी बिघडत नाही. आवाजाला एक फूट जायला साधारण एक मिलिसेकंद लागतो, तेवढा उशीर जवळच्याला देता येतो. तो माइक हेच मोजतो. प्रोजेक्टर पडद्याला काटकोनात, छताला टांगायचा. १०० इंची पडदा २२१ सेंटिमीटर रुंद असतो. थ्रो रेशो, म्हणजे पडद्याच्या रुंदीच्या किती पट अंतर लागतं ते, १.५ असेल तर अंतर साधारण ३.३ मीटर. आमच्या खोलीत हे आरामात बसतं. भाच्याने आहे त्याच पाच स्पीकरांत दोन तासांत हे केलं आणि बाबांना शब्द कळायला लागले.

त्या माणसाचा फोन आता लागत नाही. मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आणि जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज केला आहे. घटनेपासून दोन वर्षांच्या आत तो करता येतो. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही, वकीलही सक्तीचा नाही. माझ्याकडे पक्कं बिल नाही, म्हणून यूपीआयची नोंद, लेटरपॅड आणि फोटो यांच्यावर सगळी भिस्त. तुम्ही जीएसटी बिलच मागा. त्यावर १५ अंकी-अक्षरी क्रमांक असतो, महाराष्ट्राचा २७ ने सुरू होतो, आणि तो जीएसटीच्या संकेतस्थळावर तपासता येतो. शेवटचे पैसे द्यायच्या आधी टेस्ट टोन लावायला सांगा आणि एकेका स्पीकरजवळ उभं राहून मोजा.

ते दोन पोकळ स्पीकर आणि ती खरवडलेली वायर मी पोत्यात बांधून, वर तारीख लिहून ठेवली आहे. सुनावणीला सोबत नेणार आहे.