एनपीसीसाठी ३ बाय ५ इंची रेघांची कार्डे

बेळगावच्या खडेबाजारात स्टेशनरीच्या दुकानांत १०० चा गठ्ठा मिळतो. एनपीसी म्हणजे टेबलावरच्या भूमिका-खेळात खेळाडूंऐवजी गेम मास्टर (खेळ चालवणारा) रंगवतो ती पात्रं. ती टिपायला गेम मास्टरला याहून सोयीचं काही नाही, पण कागद बघून घ्या. गुळगुळीत कार्डावर जेल पेन पसरतं आणि हिट पॉइंट्स (पात्र किती मार सोसेल तो आकडा) खोडताना शाईचा डाग पडतो. खरखरीत घ्या. नाव बॉलपेननं, बदलणारे आकडे पेन्सिलीनं.

कार्ड लहान आहे, हाच त्याचा गुण. पात्र म्हणून निपाणीचा तंबाखू अडत्या घ्या. वरच्या ओळीत नाव आणि धंदा. खाली त्याला काय हवंय (थकलेली वसुली), कशाची भीती (गोदामाची झडती), कोणती माहिती तो देईल आणि कशाच्या बदल्यात. मग लकब: बोलताना किल्ल्यांचा जुडगा वाजवतो, प्रत्येक वाक्य ‘होय की’नं संपवतो. एवढ्यावर तो टेबलावर उभा राहतो. आजोबा-पणजोबांचा इतिहास लिहायला गेलात की खेळताना डोळे कार्डावरच राहतात आणि खेळाडू मोबाईल काढतात.

आकडे कोपऱ्यात, दोनच. डन्जन्स अँड ड्रॅगन्स या खेळाच्या पाचव्या आवृत्तीत साध्या माणसाला आर्मर क्लास (त्याला वार लागणं किती अवघड) १०, हिट पॉइंट्स ४; पहारेकऱ्याला १६ आणि ११. अडत्याला पहिली जोडी पुरते.

मागची बाजू कोरी ठेवा. त्यानं पार्टीला (खेळाडूंच्या टोळीला) दिलेलं वचन तिथंच टिपायचं.

खोट एकच: बेळगावच्या पावसाळ्यात कार्डे वाकतात, रबरबँडनं तर जास्तच. झाकणाच्या डब्यात उभी ठेवा.