संगणक मासिकात टेस्ट लॅब की डेस्क?

कॉम्प्युटर मासिकात नोकरी मिळते आहे आणि विचारणा झाली आहे, लॅबमध्ये बसणार, म्हणजे आलेल्या वस्तू तपासून त्यांच्यावर लिहिणार, की डेस्कवर, म्हणजे इतरांचे लेख संपादित करणार? हा प्रश्न ज्याच्यापुढे आहे त्याच्यासाठी हे लिहितोय. त्यातही रत्नागिरी-सिंधुदुर्गातून मुंबई-पुण्याला निघालेल्या मुलामुलींसाठी, कारण आपल्या बाबतीत या निवडीला एक जास्तीचा कंगोरा आहे आणि तो मुंबईत वाढलेल्याला सहसा दिसत नाही. मी दोन्हीकडे काम केलंय, आधी लॅब आणि नंतर डेस्क. छापील अंक कमी होत गेले, काम संकेतस्थळावर आणि व्हिडिओवर सरकलं, पण आत काम करणाऱ्यांची ही वाटणी माझ्या पाहण्यात तरी तशीच राहिली आहे.

दोन शब्द आधीच सांगून टाकतो. बेंचमार्क म्हणजे मशीनचा वेग मोजायची ठरावीक चाचणी, आणि एम्बार्गो म्हणजे कंपनीनं घातलेली वेळेची अट, त्याआधी वस्तूबद्दल काही छापायचं नाही.

लॅबमध्ये येणारी माणसं बहुतेक हातानं शिकलेली असतात. कुणी दुरुस्तीच्या दुकानात उमेदवारी केलेली असते, कुणी कॉलेजच्या लॅबमधली सगळी मशीनं स्वतः उभी केलेली असतात. पदवीपेक्षा सवय बघितली जाते. एकच चाचणी तीनदा घ्यायची आणि तिसऱ्यांदा आकडा वेगळा आला तर घरी न जाता कारण शोधायचं, ही ती सवय. दोन लॅपटॉपची तुलना करायची तर दोन्हींत ड्रायव्हर कोणता, पॉवर प्लॅन कोणता, खोलीचं तापमान किती, मागे काय चालू आहे, हे सगळं सारखं करावं लागतं. हे काम कंटाळवाणं आहे असं बाहेरून वाटतं. ज्याला त्यात रस आहे त्याला दिवस पुरत नाही, आणि मला तो रस होता.

नावही लॅबवाल्यांचंच होतं. लेखावर नाव त्यांचं, वाचक ओळखतात त्यांना, कंपन्यांचे लोक फोन करतात त्यांना. त्यामुळे पुढची वाटही लवकर दिसते. आनंद लाल शिंपी यांनी शाळकरी वयात, १९९७ मध्ये, आनंदटेक सुरू केलं आणि २०१४ मध्ये ते ॲपलमध्ये गेले. टेक रिपोर्टचे स्कॉट वॉसन एएमडी या चिप बनवणाऱ्या कंपनीत गेले. पीसी पर्स्पेक्टिव्हचे रायन श्राउट २०१८ मध्ये इंटेलमध्ये गेले, पुढच्या वर्षी हार्डओसीपीचे काइल बेनेटही तिकडेच. ही सगळी संकेतस्थळं होती, पण काम तेच, मासिकाच्या लॅबचं. चिपमधल्या खोडी बाहेरून बरोबर पकडणारा माणूस कंपनीला आत हवा असतो. आपल्याकडेही लॅबमधून प्रॉडक्ट मॅनेजमेंट किंवा टेक्निकल मार्केटिंगकडे गेलेले लोक मी पाहिलेत आणि त्यांचं चांगलं चाललंय. तुमचं ध्येय ते असेल तर फार विचार करू नका, लॅब घ्या. सुरुवातीच्या पगारात दोन्हीकडे मला विशेष फरक दिसला नाही. फरक पडतो तो मासिक सोडताना, आणि तिथे लॅबचं पारडं जड आहे.

डेस्कवरची माणसं जास्त विखुरलेल्या वाटांनी येतात. कुणी मराठी किंवा इंग्रजीत एमए, कुणी वर्तमानपत्राच्या जिल्हा पानावर उपसंपादक, कुणी प्रोग्रॅमर असून लिहिण्याची ओढ लागलेला. त्यांच्याकडे कॉपी, म्हणजे लेखकाचा कच्चा मजकूर, येते. नेटवर्किंगमधला जाणकार लेखक लिहितो, पण आधी निष्कर्ष, मग प्रस्तावना, मग मध्येच आणखी एक निष्कर्ष. बाराशे शब्दांचे सातशे करायचे, त्यातला एकही तांत्रिक मुद्दा मोडू द्यायचा नाही, मेगाबिट आणि मेगाबाइट यांची गल्लत झाली आहे का ते बघायचं, शंका आली की लेखकाला फोन लावायचा, तक्ते जुळवायचे, फोटोओळी लिहायच्या आणि ठरलेल्या रात्री पानं छपाईला सोडायची. लेखावर नाव नाही. चूक राहिली तर मात्र विचारणा तुम्हालाच.

डेस्कची वाट लांबची आहे, पण ती लहान नाही. डेव्हिड बनेल हा माणूस अल्टेअर हा सुरुवातीचा पर्सनल कॉम्प्युटर बनवणाऱ्या मिट्स कंपनीत टेक्निकल रायटर होता, म्हणजे मशीनबद्दल इतरांना समजेल असं लिहिणं हे त्याचं काम. त्यानं १९८२ मध्ये पीसी मॅगझिन उभं केलं. ते दुसऱ्या प्रकाशकाला विकलं गेल्यावर त्याच्याबरोबरचे जवळजवळ सगळे सहकारी उठले आणि १९८३ मध्ये पीसी वर्ल्ड निघालं, मग मॅकवर्ल्ड. बाइट या मासिकात संपादकीय काम करणारा जॉन उडेल पुढे इन्फोवर्ल्डमध्ये आणि २००७ मध्ये मायक्रोसॉफ्टमध्ये गेला. जिम वॉरन तर आधी गणित शिकवायचा. १९७६ मध्ये तो प्रोग्रॅमरांच्या डॉ. डॉब्ज जर्नल या मासिकाचा पहिला संपादक झाला आणि पुढच्याच वर्षी त्यानं वेस्ट कोस्ट कॉम्प्युटर फेअर भरवली. आपल्याकडे डेस्कवरून लोक जातात ते टेक्निकल रायटिंगकडे, सॉफ्टवेअरच्या मराठीकरणाकडे, शिक्षणसाहित्याकडे. मराठीकरणात तर नेमकं हेच लागतं, इंटरफेसमधली चार शब्दांची सूचना वाचून माणसानं बरोबर बटण दाबलं पाहिजे.

कला विभाग, जाहिरात विभाग, वितरण यांच्याबद्दल इथे लिहीत नाही. तुम्हाला विचारणा लॅब किंवा डेस्क एवढीच झालेली आहे.

आता ज्या एका गोष्टीने माझा निर्णय झाला ती सांगतो. लॅबमध्ये येणाऱ्या प्रत्येक वस्तूला परतीची तारीख असते.

ऐकायला किरकोळ वाटतं. कंपनीची पीआर एजन्सी लॅपटॉप पाठवते, दोन आठवड्यांनी किंवा त्याच्याही आधी तो परत मागते, कारण तोच पुढे दुसऱ्या मासिकाकडे जायचा असतो. मी काम करत होतो तिथे खोक्यावरच परतीच्या तारखेची चिठ्ठी चिकटवलेली असायची. तेवढ्या दिवसांत वेग मोजता येतो, स्क्रीन मोजता येते, पंख्याचा आवाज ऐकता येतो, बॅटरी किती तास चालते तेही समजतं. दोन वर्षांनी ती किती तास चालेल हे समजत नाही. बिजागरी सैल पडते का, चार्जिंगचं पोर्ट हलायला लागतं का, कीबोर्डवरची अक्षरं पुसतात का, यांतलं काहीच समजत नाही. आणि घर घेतल्यासारखा विचार करून लॅपटॉप घेणाऱ्या माणसाला विचारायचं असतं ते हेच.

आपल्या किनाऱ्यावर हा प्रश्न दुप्पट होतो. मुंबईच्या लॅबमध्ये एसी चालू, हवा कोरडी, वीज स्थिर. इकडे मिरग लागला की लाइट जाते, येते, येताना झटका देऊन येते. खाऱ्या हवेतला क्लोराइड आणि दमटपणा मिळून तांबं खातो. रॅमच्या कडेचे संपर्क काळवंडतात, मशीन चालू होत नाही, मग दुकानदार रॅम काढून खोडरबरानं घासतो आणि मशीन चालू होतं. वेंगुर्ल्यापासून दापोलीपर्यंत दुरुस्तीवाल्याच्या टेबलावर खोडरबर असतोच. हा अनुभव कुठल्या बेंचमार्कमध्ये बसवणार? यूपीएसचंही तेच. स्वस्त यूपीएस शुद्ध साइन वेव्ह, म्हणजे घरच्या विजेसारखी गुळगुळीत लहर, देत नाही, आणि ॲक्टिव्ह पीएफसी (वीज नीट खेचणारं सर्किट) असलेले काही पॉवर सप्लाय त्यावर नेमके वीज जाण्याच्या क्षणी बंद पडतात. ज्या लॅबमध्ये वीज जातच नाही, तिथे हा घोटाळा दिसायला कुणाला तरी मुद्दाम प्लग काढावा लागतो.

वाचकांची पत्रं डेस्ककडे यायची, निदान आमच्याकडे तरी. इंटरनेट फोनच्या तारेवरून मोडेममधून यायचं त्या डायल-अपच्या काळात वळवाच्या आणि परतीच्या पावसानंतर कोकणातून ठरावीक तक्रार यायची, मोडेम जळाला. वीज पडली की झटका टेलिफोनच्या तारेतून घरात यायचा, आणि कॉम्प्युटरचा प्लग काढणारा माणूस फोनची वायर काढायला विसरायचा. गुहागरहून, राजापूरहून, मालवणहून पत्रं. उत्तर साधं होतं, गडगडायला लागलं की दोन्ही वायरी काढा. पण ते उत्तर छापल्यावर माणसांची पत्रं यायची की यंदा मोडेम वाचला. लॅबमध्ये मी लिहिलेल्या कुठल्याही रिव्ह्यूनंतर मला इतकं नक्की कळलं नव्हतं की माझ्या लिहिण्याचा कुणाला उपयोग झाला.

पुढे ब्रॉडबँड आलं, मोडेमची पत्रं थांबली आणि तेवढ्याच तळमळीनं पोर्टची, बुरशी आलेल्या कॅमेऱ्याच्या लेन्सची आणि सुजलेल्या बॅटऱ्यांची पत्रं येऊ लागली. सगळी दुसऱ्या-तिसऱ्या पावसाळ्यातली. मासिकात मशीन म्हातारं झालेलं ज्यांना दिसतं ते फक्त डेस्कवाले, कारण ते वाचकाच्या घरात म्हातारं होतं. हे लक्षात आल्यावर परतीची चिठ्ठी मला सोसवेना. लॅबमधली सोबत चांगली होती, वरिष्ठ चांगले होते, त्यांच्याविषयी तक्रार नाही. कदाचित दुसऱ्याला ही गोष्ट खुपणारही नाही. दोन आठवड्यांत जेवढं मोजता येतं तेवढं चोख मोजावं आणि पुढच्या खोक्याकडे वळावं, हीही प्रामाणिक भूमिका आहे. मला ती पुरली नाही.

दुसरा भाग गावाचा. लॅबचं काम कोकणातून होत नाही, असं म्हणणं आता पूर्ण खरं नाही. तालुक्याच्या गावी बसून मराठीत मोबाइलचे व्हिडिओ करणारी मुलं आहेत, स्वतः फोन विकत घेतात, वापरतात, विकतात. पण मासिकाच्या पगारी लॅबवाल्याला ऑफिसातच बसावं लागतं. वस्तू तिथे येतात, तिथून जातात. एम्बार्गो सुटायच्या आधी तीन दिवस हातात आलेला ग्राफिक्स कार्डचा खोका कुरिअरनं राजापूरला मागवून चाचणी होत नाही.

डेस्कचं काम गावातून होतं. मी गेली कित्येक वर्षं रत्नागिरी जिल्ह्यातूनच कॉपी पाहतो. मजकूर हलका असतो. लाइट गेली, फायबर बंद पडला, तरी मोबाइलच्या एका दांडीवर लेखाची फाइल जाते. इन्व्हर्टर चांगला घ्यावा लागतो, दोन वेगळ्या कंपन्यांची सिम ठेवावी लागतात, आणि पानं सोडायच्या रात्री वादळाचा इशारा असेल तर मुंबईतल्या सहकाऱ्याला आधीच सांगून ठेवावं लागतं. तौक्ते आलं त्या मे २०२१ मध्ये इकडे अनेक गावांत दिवसचे दिवस वीज नव्हती. तेव्हा कोणतीच व्यवस्था पुरी पडली नाही, हेही सांगायला हवं. पण एरवी आगोटीची कामं, गणपती, आंब्याचा हंगाम हे सगळं सांभाळून हे काम करता येतं. मात्र पहिली काही वर्षं ऑफिसात काढावीच लागतात. पान कसं लागतं, लेखकाशी वाद न घालता त्याचं वाक्य कसं बदलून घ्यायचं, हे शेजारी बसूनच शिकता येतं.

शिवाय आपल्या मातीत या कामाचं मूळ आहे, आणि याचा मला मनापासून अभिमान आहे. देवगड तालुक्यातल्या पोंभुर्ल्याच्या बाळशास्त्री जांभेकरांनी १८३२ मध्ये दर्पण काढलं आणि १८४० मध्ये दिग्दर्शन हे मासिक काढून विज्ञानाचे विषय मराठीत समजावले. नवी विद्या आपल्या माणसाला त्याच्या भाषेत कळावी यासाठी बसून मजकूर घडवणं, डेस्क हेच करतं.

तरीही ज्याचा हात स्क्रू ड्रायव्हरशिवाय अस्वस्थ होतो, त्यानं माझं ऐकून डेस्कवर येऊ नये. त्यानं लॅब घ्यावी, पण मुलाखतीत दोन गोष्टी विचाराव्यात. मासिक काही मशीनं स्वतःच्या पैशानं विकत घेऊन वर्षभर वापरतं का? आणि वाचकांची पत्रं लॅबला वाचायला मिळतात का? दोन्हींचं उत्तर हो असेल तर ती लॅब माझ्या मते डेस्कइतकीच चांगली. पहिल्याचं नाही आणि दुसऱ्याचं हो असेल, तरी जमेल. दोन्ही नाही असेल तर मी तरी दोनदा विचार करीन.

डेस्क घेणार असाल तर बहुधा चाचणी म्हणून एक कच्चा लेख हातात देतील आणि अर्धा-पाऊण तास देतील. भाषा सुधारायची घाई करू नका. आधी सगळे आकडे आणि एककं तपासा, मग जो मुद्दा लेखकानं शेवटून दुसऱ्या परिच्छेदात पुरला आहे तो वर आणा, आणि न समजलेल्या वाक्याशेजारी स्वच्छ प्रश्नचिन्ह करून ठेवा. आमच्याकडे उमेदवार निवडताना सगळ्यात आधी ती प्रश्नचिन्हंच बघायचे.